कांदळवनावर लक्ष ठेवताना: आधी उपग्रह, मग ड्रोन, आणि दोन्हींच्या आधी भरती-ओहोटी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावांतील तरुणांच्या गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. खाडीतील कांदळवनावर त्यांना नियमित लक्ष ठेवायचे आहे, एकदोन ठिकाणी भराव पडत असल्याची शंका आहे, वर्गणीतून थोडी रक्कम जमली आहे, आणि ती ड्रोन विकत घेण्यावर खर्च करावी की उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रे पुरेशी ठरतील, हे त्यांना ठरवायचे आहे. कोकणातल्या खाड्यांमध्ये हेच काम बरीच वर्षे करत आल्यामुळे माझे उत्तर आधीच सांगते: ड्रोन आत्ता विकत घेऊ नका. पहिले वर्षभर उपग्रहाच्या चित्रांवर हात बसवा आणि त्यांतून जिथे शंका उभी राहील तेवढ्याच जागेसाठी परवानाधारक व्यक्तीकडून ड्रोन भाड्याने आणा. जमलेल्या पैशांतून एक चांगला जीपीएस संच, चिखलात चालण्यासाठी बूट आणि बोटीचे भाडे एवढे निघाले, तरी कामाला पुरेसा आधार मिळेल.

कोणते साधन वापरायचे हे ठरवण्याआधी तुम्हाला किती मोठा बदल पकडायचा आहे, याचा हिशेब करावा लागतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरच्या संरक्षक पट्ट्याची तरतूद आहे, म्हणून 1000 चौरस मीटर हा आकडा आपल्या कामाचा एकक मानू. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 2021 च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन 324 चौरस किलोमीटर दिले आहे. राज्याचे चित्र समजण्यासाठी तो आकडा मोलाचा आहे, पण त्या नकाशात एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा स्वतंत्रपणे दाखवला जात नाही. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, अर्थात आपल्या एककाच्या दहापट. त्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर दोन गुंठे तिवर, म्हणजे कांदळवनातलेच एक झाड, तोडली गेली आणि अहवालात जिल्ह्याचे कांदळवन वाढलेले दिसले, तर त्यात विसंगती नाही. तो नकाशा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी काढलेला असतो.

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचा एक पिक्सेल मुख्य रंगपट्ट्यांत 10 मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे 100 चौरस मीटरचा असतो. आपले 1000 चौरस मीटर म्हणजे असे दहा पिक्सेल. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा 30 मीटरचा एकच पिक्सेल 900 चौरस मीटर व्यापतो, म्हणून लँडसॅटवर तेवढा भराव म्हणजे एखादा ठिपका, आणि तोही शेजारच्या पाण्याशी किंवा चिखलाशी मिसळलेला. दहा पिक्सेल मात्र सलग चार-पाच चित्रांत एकाच जागी बदललेले दिसले, तर त्या बदलावर विश्वास ठेवता येतो. कडेचा एखादा पिक्सेल मोजू नका. एकाच जागेची दोन चित्रे एकमेकांवर अर्ध्या पिक्सेलपर्यंत सरकलेली असू शकतात आणि कोकणात खाडीकाठची कांदळवनाची पट्टी अनेक ठिकाणी जेमतेम पंधरा-वीस मीटर रुंद असते. अशा अरुंद पट्टीत उपग्रह ‘काहीतरी झाले’ एवढेच सांगू शकतो, किती झाले हे सांगू शकत नाही.

ही चित्रे पाहण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर नोंदणी करून तुमच्या खाडीचे 2016 पासूनचे कोणतेही चित्र उघडता येते आणि हरित निर्देशांक, ज्याला सगळे एनडीव्हीआय म्हणतात, तो तिथेच काढून मिळतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि निकट अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हा निर्देशांक मिळतो. दाट तिवरांवर तो साधारण 0.6 ते 0.8 च्या दरम्यान येतो, ओल्या चिखलावर शून्याच्या थोडा वर, पाण्यावर बहुधा ऋण. दाट झाडीत मात्र हा निर्देशांक एका पातळीनंतर वाढायचा थांबतो, त्यामुळे झाडे अशक्त होऊ लागल्याची पहिली चाहूल त्यात उशिरा लागते. त्यासाठी लघुलहरी अवरक्त पट्टा वापरणारा ओलाव्याचा निर्देशांक सोबत पाहत जा. त्याचा पिक्सेल 20 मीटरचा असला तरी पानांतले पाणी कमी होऊ लागल्याचे तो आधी सांगतो. पुढे हिशेब वाढला की चित्रे उतरवून घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रणालीत काम करा.

आता मुख्य मुद्दा, जो बाहेरून आलेल्या तज्ज्ञांच्या अहवालांत अनेकदा सुटतो आणि जो तुमच्या गावातल्या कोणत्याही मच्छीमाराला शिकवावा लागत नाही. सेंटिनेल-2 हा उपग्रह कोकणावरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा तुम्हाला माहीत असेलच. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याचे सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत उपग्रह येतो तेव्हा खाडी जवळजवळ तुडुंब असते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. त्या दिवशी उपग्रह ओहोटी पाहतो खरा, पण ती भांगाची ओहोटी, जिच्यात पाणी फार मागे हटत नाही. उधाणाची खोल ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येते आणि अकरा वाजता जाणाऱ्या या उपग्रहाला ती कधीच दिसत नाही. खालच्या चिखलपट्ट्यावर रुजलेली लहान रोपे आणि काठावरची मरांडीची बुटकी झुडपे या उपग्रहाच्या नजरेतून नेमकी म्हणून निसटतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की पौर्णिमेचे एक चित्र आणि अष्टमीचे दुसरे चित्र शेजारी ठेवून ‘कांदळवन वाढले’ किंवा ‘घटले’ असे म्हणू नये, कारण त्या फरकात पाण्याचा वाटा किती आणि झाडांचा किती हे वेगळे करता येत नाही. दुसरी गोष्ट सोयीची आहे. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक चित्र देतात आणि उधाणाचे चक्र पावणेपंधरा दिवसांचे असते, त्यामुळे प्रत्येक तिसरे चित्र जवळपास त्याच तिथीच्या आसपासचे निघते. नोव्हेंबर ते मे या निरभ्र काळात अशी एक मालिका निवडा, शक्यतो षष्ठी ते नवमीच्या दरम्यानची, आणि पुढच्या वर्षीही त्याच तिथींची चित्रे घ्या. पंधरवड्यामागे काही तासांचा फरक साचत जातो, म्हणून हंगाम पुढे सरकला की मालिकेतले चित्र एकदा पुढेमागे करावे लागते. खाडीच्या मुखापासून आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते, हेही लक्षात ठेवा. सोयीच्या जागी एक खुणांची पट्टी उभारून तिच्यावरच्या पाण्याच्या पातळीची नोंद उपग्रह येण्याच्या वेळी कोणी करत राहिले, तर वर्षभरात तुमच्याकडे अनेक संशोधन अहवालांत नसलेली माहिती जमा होईल.

निर्देशांक खाली आला म्हणून लगेच तक्रार लिहायला घेऊ नका. पावसाळा सरताना तिवरांची पाने एका अळीमुळे मोठ्या प्रमाणावर खाल्ली जातात. सागाची पाने खाणारी तीच ही अळी, हायब्लीया पुएरा. ठाणे खाडीच्या काठावर अशा वेळी कित्येक हेक्टर तिवर तपकिरी पडलेली दिसते आणि कोणीतरी विष टाकले अशी चर्चा सुरू होते. उपग्रहाच्या चित्रात हा बदल तोडणीसारखाच ठळक दिसतो. फरक नंतर कळतो, कारण अळीने खाल्लेली तिवर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा पालवते आणि शेजारची कांदळ व चिपी ही दुसऱ्या जातींची झाडे बहुधा हिरवीच राहिलेली असतात. भराव टाकलेल्या जागी निर्देशांक खाली येतो तो खालीच राहतो, आणि त्या जागेला बहुतेक वेळा सरळ कडा व एखादा नवा रस्ता असतो.

याच्या उलट गोष्ट हिरवळ वाढल्याची. कोकणात खारभूमीचे, म्हणजे खारे पाणी अडवून शेती केलेल्या जमिनीचे, बांध फुटले आणि वेळेवर दुरुस्त झाले नाहीत की खारे पाणी भातशेतीत शिरते, काही वर्षांत तिथे तिवर रुजते, आणि नकाशावर कांदळवन वाढलेले दिसते. गोव्यातल्या खाजन या तशाच बांधबंदिस्तीच्या जमिनींचेही असेच झाले आहे. त्या हिरव्या पिक्सेलच्या जागी एखाद्या कुटुंबाची शेती गेलेली असू शकते, म्हणून नकाशावरची वाढ ही निसर्गाची भरपाई आहे असे गृहीत धरून लिहू नका. ती जमीन कोणाची होती, बांध कधी फुटला, दुरुस्तीची मागणी कोणी केली होती, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही, आणि ही विचारपूस गावातलाच गट सर्वांत चांगली करू शकतो.

झाडे तोडण्यापेक्षा पाणी अडवून मारण्याचे प्रकार अधिक आहेत आणि ते पकडणे अधिक अवघडही आहे. रस्त्याखालची मोरी बुजवली किंवा भरतीच्या पाण्याच्या वाटेवर छोटा बांध घातला की आतले कांदळवन महिन्यांच्या हिशेबाने सुकते. कोणी कुऱ्हाड हातात घेतलेली नसते, त्यामुळे पंचनाम्यात लिहिण्यासारखेही काही सापडत नाही. उपग्रहाचा खरा उपयोग इथे होतो. बांधाच्या आतला एक तुकडा आणि त्याच खाडीतला, तशाच जातीच्या झाडांचा, बांधाबाहेरचा एक तुकडा निवडा आणि दोन्हींच्या ओलाव्याच्या व हरित निर्देशांकाचा आलेख तीन-चार वर्षांचा काढा. अळी, दुष्काळ, वादळ या गोष्टी दोन्ही तुकड्यांवर सारख्याच परिणाम करतात. बांध मात्र एकाच तुकड्यावर करतो. दोन रेषा ज्या महिन्यापासून एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या, तो महिना सांगता आला की निम्मे काम झाले.

जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे ही चित्रे जवळजवळ निरुपयोगी होतात आणि चोरून भराव टाकणाऱ्यांनाही हा काळ सोयीचा वाटतो. त्यासाठी सेंटिनेल-1 या दुसऱ्या उपग्रहाचे रडार आहे, जे ढगांतून आणि रात्रीही पाहते. त्याची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची असल्यामुळे ती वरच्या पानांवरूनच बहुतांशी परतते. झाडी साफ झाली तर परत येणारा संकेत स्पष्टपणे घटतो, पण दाट झाडीखाली काय चालले आहे हे ती फारसे सांगत नाही. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या इस्रो आणि नासाच्या निसार उपग्रहावर सुमारे 24 सेंटिमीटर लहरीचे रडार आहे, आणि ही लांब लहर पानांतून खाली उतरून खोडे व त्यांच्या बुंध्याशी असलेले पाणी या दोहोंवरून उसळून परत येते. झाडीखाली भरतीचे पाणी पोहोचते की नाही हे त्यामुळे बाहेरून पाहता येऊ शकेल, आणि बुजवलेल्या मोऱ्यांच्या बाबतीत मला या उपग्रहाकडून फार आशा आहे. रडारचे चित्र वाचायला मात्र शिकावे लागते. पहिल्या वर्षी त्यामागे लागू नका.

जुन्या काळात इथे काय होते हा प्रश्न वादात हमखास येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी राज्यभर कांदळवनतोडीला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला आणि 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात ती भूमिका कायम ठेवली. म्हणून 2005 च्या आसपास ती जागा कशी होती, हे दाखवता येणे महत्त्वाचे ठरते. लँडसॅट-5 ची त्या वर्षांतली चित्रे मोफत मिळतात, आणि गूगल अर्थवरील जुन्या चित्रांत तुमच्या खाडीचा भाग स्वच्छ दिसत असेल तर अधिकच उत्तम. नागपूरच्या ‘एमआरसॅक’ या राज्याच्या सुदूर संवेदन केंद्राने सर्व्हे नंबरनिहाय केलेले कांदळवनाचे नकाशेही मागवा. आपल्या निरीक्षणाला सरकारी आधाररेषा मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे.

ड्रोनची पाळी यानंतर येते. साध्या, एक इंची संवेदकाच्या (सेन्सरच्या) वीस मेगापिक्सेल कॅमेऱ्याने 120 मीटर उंचीवरून सव्वातीन सेंटिमीटरचा पिक्सेल मिळतो आणि 60 मीटरवरून त्याच्या निम्मा. म्हणजे रोपे मोजता येतात, तोडलेली खोडे दिसतात, भरावाची कडा हातभर अचूकतेने आखता येते. पण एका बॅटरीत वीस-तीस हेक्टरच पदरी पडतात, आणि कागदावर तीस मिनिटे उडणारे यंत्र खाडीच्या वाऱ्यात वीस मिनिटांत परत बोलवावे लागते. संपूर्ण खाडी ड्रोनने दर महिन्याला टिपण्याचा आराखडा बनवणारे गट पहिल्या दोन महिन्यांनंतर थकतात, म्हणून उपग्रहाने दाखवलेल्या तीन-चार जागा, वर्षातून दोनदा, एवढाच बेत ठेवा.

उड्डाणाची वेळ निवडतानाही तिथीच उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेची खोल ओहोटी संध्याकाळी येते, तेव्हा सावल्या लांब असतात आणि समुद्रावरचा वारा चढलेला असतो. तृतीया-चतुर्थीला भरती दुपारी सव्वादोन ते तीनच्या दरम्यान असते, म्हणजे ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमारास येते. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसल्यामुळे पाणी चांगले मागे गेलेले असते आणि वारा पडलेला असतो. माझ्या मते कोकणच्या खाडीत ड्रोन उडवण्यासाठी महिन्यातले हेच चार दिवस. चित्रे एकमेकांवर पुढून किमान 80 टक्के आणि बाजूने 70 टक्के चढली पाहिजेत, कारण वाऱ्याने हलणारी पाने जोडणीच्या सॉफ्टवेअरला दोन चित्रांत सारखी दिसत नाहीत आणि कमी चढ ठेवला तर नेमकी झाडीच्या मधोमध भोके पडतात. जमिनीवरच्या खुणांच्या पाट्या चिखलात ठेवू नका, त्या सरकतात. बांध, जेटी, पुलाचा कठडा अशा पक्क्या जागा शोधा आणि त्यांचे अक्षांश-रेखांश अचूक जीपीएसने आधीच घेऊन ठेवा. ड्रोनचे चित्र झाडीच्या माथ्याची उंची देते, तिच्याखालच्या जमिनीची देत नाही. म्हणून ‘भराव किती मीटर उंच’ हे उघड्या भरावावरच मोजता येईल.

नियमांबाबत ढिलाई नको. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो आणि 2 किलोपर्यंतचे मायक्रो गणले जाते. बिगर-व्यावसायिक वापरासाठी मायक्रो ड्रोन उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्राची सक्ती नसली, तरी यंत्राची नोंदणी आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावरील क्षेत्राची तपासणी टाळता येत नाही. त्या नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे वेगळ्या परवानगीविना उडवता येणाऱ्या, क्षेत्रातही 400 फुटांची मर्यादा आहे आणि विमानतळाजवळ ती आणखी कडक होते. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे असल्यामुळे आसपासच्या गावांनी हे विशेष जपावे. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे कोणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर नकार द्या. जिल्हा प्रशासनाने ड्रोनबंदीचा तात्पुरता आदेश काढला आहे का ते पाहा, सागरी पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि कांदळवन राखीव असेल तर वन विभागाची परवानगी घ्या. बगळ्यांची वीण चालू असलेल्या झाडांवर परवानगी मिळाली तरी उडवू नका. घाबरून उठलेल्या पक्ष्यांची अंडी कावळे आणि घारी काही मिनिटांत उचलतात.

आकाशातून मिळालेली प्रत्येक शंका पायी जाऊन तपासावी लागते. दहा मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून त्यांतील झाडांच्या जाती, रोपांची संख्या आणि श्वसनमुळांवर (हवा घेण्यासाठी चिखलातून वर आलेल्या मुळांवर) गाळ चढला आहे का, याची नोंद करा. श्वसनमुळे गाळाखाली गाडली गेली असतील तर झाड अजून हिरवे असले तरी ते संकटात आहे, आणि हे कोणताही कॅमेरा सांगणार नाही. ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या (शिंपले) काढायला जाणाऱ्या बायांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. पाण्याची कोणती वाट केव्हापासून बंद झाली, हे त्यांना चित्र न पाहता सांगता येते, आणि त्यांनी दाखवलेल्या जागी जुनी चित्रे उघडली की तो महिना सापडतो.

चित्रे पुरावा म्हणून टिकावीत असे वाटत असेल तर शिस्त पहिल्या उड्डाणापासून लागते. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहावी लागते. म्हणून मूळ छायाचित्रे जशीच्या तशी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्याच दिवशी हॅश काढा, कोणी उडवले, कोणी उतरवून घेतले, कोणाकडे दिले हे वहीत लिहा, आणि रंग-उजेड सुधारलेली प्रत वेगळी ठेवा. सर्व्हे नंबरचा नकाशा चित्रावर बसवताना तो काही मीटरने सरकू शकतो; त्यामुळे कडेवरच्या जमिनीबद्दल नाव घेऊन आरोप करू नका, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करण्याची मागणी करा. उपग्रहाच्या तारखांचा आलेख, ड्रोनचे चित्र, पायी केलेल्या नोंदी आणि जागेचे अक्षांश-रेखांश एवढे दोन पानांत बसवून तहसीलदार आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष या दोघांनाही एकाच दिवशी द्या, पोच घ्या, आणि पुढच्या हंगामातल्या त्याच तिथीचे चित्र आले की त्याच पोच क्रमांकाचा हवाला देऊन ते जोडा.